आई, ते कण्हणं मला रोज ऐकू येतं

पुणे,
18 नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला घेतलं की आई "जेवलीस का" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही चष्मा लावून तिला वाचून दाखवा. मधले कागद गाळू नका.

भाऊबीजेच्या रात्री आईने ट्रंकेतून ती पिवळी कुंची काढली. मला एक मोठा भाऊ होता आणि तो दोन दिवस जगला, एवढंच मला आजवर माहीत होतं. बाकीचं आई त्या रात्री पहिल्यांदा बोलली. 1986 चा उन्हाळा, न आलेला टँकर, विहिरीवरून आणलेले हंडे, सातवा महिना सरता सरता सुरू झालेल्या कळा, जीप मिळेपर्यंत उजाडलेलं. मग आई, तू म्हणालीस, "बाळ सारखं कण्हत होतं गं. मी हंडे उचलले नसते तर..." बाबा तेवढ्यात उठून अंगणात गेले. तुझ्या डोक्यात जसे हंडे आहेत, तशी त्यांच्या डोक्यात ती जीप आहे, हे मला त्या रात्री कळलं.

आई, ते कण्हणं मला रोज ऐकू येतं. नऊ वर्षं मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. कमी दिवसांचं बाळ आलं की आम्ही आधी कान देतो. कण्हतंय का, नाकपुड्या फुलतायत का, बरगड्यांखाली खड्डा पडतोय का. तू सांगितलेलं सगळं यात बसतं. अडतीस-एकोणचाळीस वर्षांनंतर कुणी छातीवर हात ठेवून निदान करणार नाही, पण मला विचारशील तर त्याच्या फुप्फुसांची वाढ पुरी झाली नव्हती.

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीचे दोन पदर कसे चिकटून बसतात, ते आठव. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून ओले असतात. ते मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर एक बुळबुळीत पदार्थ तयार करतं, त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो पुरेसा तयार होतो शेवटच्या काही आठवड्यांत. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला ते फुगे नव्याने उघडावे लागतात. बाळ कण्हतं ते आतली हवा धरून ठेवण्यासाठी, फुगे मिटू नयेत म्हणून. तुला ते रडणं वाटलं. आई, तो झटत होता गं.

हे डॉक्टरांनाही फार पूर्वीपासून ठाऊक नव्हतं. 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी नावाच्या डॉक्टरीणबाईंनी अमेरिकेत, अशाच आजाराने गेलेल्या बाळांच्या फुप्फुसांत हा पदार्थ कमी असतो, हे दाखवलं. पण कारण कळलं म्हणून औषध हाती आलं असं नाही. 1963 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना मुलगा झाला, पाच-साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोच्या वर होतं. बॉस्टनच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला जास्त दाबाच्या प्राणवायूच्या खोलीतसुद्धा ठेवलं. 39 तासांत तो गेला. बाबा, त्यांच्या दाराशी जीप होती, विमान होतं.

सर्फॅक्टंट बाहेरून देऊन बाळं सावरतात, हे जपानच्या फुजिवारा यांनी 1980 मध्ये दहा बाळांवर दाखवलं. अमेरिकेत असं औषध मंजूर झालं ते 1990 मध्ये. आमच्याकडे आज ते फ्रिजमध्ये असतं. नळीतून फुप्फुसात सोडलं की कधीकधी काही मिनिटांत बाळाचा रंग पालटतो, आणि तेव्हा हल्ली मला दरवेळी ती कुंची आठवते.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते सांगते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते. कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं आणि कोकरू फार लवकर जन्मलं. एवढ्या कमी दिवसांचं ते श्वास घेऊच शकायला नको होतं, पण ते घेत होतं, म्हणजे स्टेरॉइडने त्याची फुप्फुसं लवकर तयार केली होती. मग त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी मुदतीआधी बाळंत होतील असं दिसत असलेल्या 282 आयांना तपासणीत घेतलं. निम्म्यांना स्टेरॉइडचं इंजेक्शन, निम्म्यांना नाही. ज्यांची बाळंतपणं आपसूक लवकर झाली, त्यांच्यात इंजेक्शन न मिळालेली शंभरातली 15 बाळं पहिल्या आठवड्यात गेली, मिळालेली तीनच्या आसपास. हे छापून आलं 1972 मध्ये. दादाच्या जन्माआधी चौदा वर्षं! आणि तरी श्रीमंत देशांतले डॉक्टरसुद्धा ते सर्रास देत नव्हते. अमेरिकेत सर्वांनी द्यावं असं तज्ज्ञांनी एकमुखाने सांगितलं 1994 मध्ये. इंजेक्शन स्वस्त आहे, आईच्या दंडात किंवा मांडीत द्यायचं असतं. ते वाचल्यापासून मला खरा राग आहे, आणि तो हंड्यांवरही नाही आणि जीपवरही नाही. बाबा, तुम्ही त्या रात्री दोन तास आधी पोचला असतात, तरी तालुक्याच्या त्या दवाखान्यात आईला ते कुणी दिलं असतं, असं मला वाटत नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, "नुसता भरपूर ऑक्सिजन दिला असता तर?" भरपूर देऊनही पाहिलं होतं लोकांनी. 1940 ते 1955 च्या सुमारास कमी दिवसांच्या बाळांना काचेच्या उबदार पेटीत मोकळ्या हाताने ऑक्सिजन दिला, आणि जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली. नीट तुलना करणारी चाचणी केली तेव्हाच कुठे कळलं की डोळे त्या ऑक्सिजनने जातायत. म्हणून आम्ही आज पायाला पट्टी बांधून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघत बसतो, आणि घरी जाण्याआधी डोळे तपासून घ्या म्हणून आईबापांच्या मागे लागतो.

आणि "पुण्या-मुंबईत असतो तर वाचला असता" हेही मी तुमच्याकडून ऐकलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. आपल्या गावाला मोठं यंत्र नको होतं, अशी शिकलेली एक बाई हवी होती. ती तेव्हा आपल्या गावात नव्हती.

आई, आता तुझं दुसरं दुःख. "मला त्याला एकदाही छातीशी धरू दिलं नाही." तू काचेबाहेर उभी होतीस. तेव्हा बहुतेक ठिकाणी तीच रीत होती, आई आत आली तर जंतू येतील म्हणायचे. कोलंबियात बोगोटाला मात्र 1978 मध्ये डॉ. रे यांच्याकडे पेट्याच कमी पडत होत्या, म्हणून त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली. कांगारू म्हणतात त्याला. पुढे कित्येक वर्षं नियम असा राहिला की बाळ आधी स्थिर होऊ दे, मग आईकडे द्या. तोही चुकीचा ठरला, 2021 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालयं, एक किलो ते 1,799 ग्रॅमची 3,211 बाळं. निम्मी जन्मल्यापासून आईच्या छातीवर, निम्मी आधी पेटीत किंवा ऊब देणाऱ्या वॉर्मरवर. पहिल्या 28 दिवसांत छातीवरच्यांपैकी 12 टक्के गेली, दुसऱ्यांपैकी 15.7 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला.

हे तुला सांगू की नको, यावर मी आठवडाभर घालवला. "म्हणजे मी धरलं असतं तर वाचला असता" असं तू म्हणशील, ही भीती होती. इतकी बिघडलेली फुप्फुसं नुसत्या छातीने सावरली असती, असं मी म्हणणार नाही. पण तुझे हात शिवशिवत होते ते वेडेपणा म्हणून नाही. तू बरोबर होतीस आणि काच चूक होती. आता आमच्याकडे पेट्यांच्या मधोमध आरामखुर्च्या आहेत. नळ्या लावलेलं बाळ आम्ही आईच्या ब्लाउजमध्ये उभं ठेवतो, आणि तिची छाती वरखाली होते तसं ते शांत होतं.

हंड्यांचं राहिलं. मुदतीआधी कळा का येतात, हे पुष्कळ वेळा आजही सांगता येत नाही. जंतुसंसर्ग असतो, रक्तदाब असतो, जुळं असतं, आणि कित्येकदा काहीच सापडत नाही. त्या दिवसाच्या हंड्यांवर बोट ठेवणारा एकही डॉक्टर मला नऊ वर्षांत भेटलेला नाही. आजीने ठेवलं होतं, आणि तू ते अजून जपून ठेवलंयस.

काल आमच्याकडे कमी दिवसांच्या बाळांचा दिवस होता. घरी गेलेली मुलं आली होती. जन्मताना 1,100 ग्रॅमचं एक होतं, त्याने माझं बोट धरून मला केकपाशी नेलं. एका बाईचं बाळ मात्र अजून आतच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, एकोणीस वर्षांची. छातीवर घ्यायला घाबरते, "तुटंल" म्हणते.

तर आई, काम सांगते. तू टोप्या शिव. जुन्या धुतलेल्या सुती साडीचं किंवा बाबांच्या धोतराचं कापड घे. घेर 28 सेंटिमीटर धर, काही 26 च्या कर. शिवण बाहेरून येऊ दे, आत टोचते. गळ्याशी बंद नकोत. ती पिवळी कुंची उसवून माप घेऊ नकोस, ती तशीच राहू दे. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी येते, तेव्हा घेऊन जाईन. बाबा, सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवू नका, दोन महिन्यांच्या आणते.

तुमची,
धाकटी

ता. क. पहिली टोपी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या बाळाला. आज त्याचं वजन 1,240 ग्रॅम आहे.