काका, शाल नको म्हणालात म्हणून हे पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजचं नेट आणि संगणक तुम्ही मार्गी लावलेत, म्हणून स्थापना दिनाला तुमचा सत्कार करायचा, असं स्टाफ मीटिंगमध्ये एकमतानं ठरलं होतं. निरोप द्यायला मीच फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, शाल नको. त्या पैशात वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्या, त्यांचं वय झालंय." बॅटऱ्या बदलल्या. पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तालुक्याच्या गावातली आमच्यासारखी कॉलेजं पुष्कळ आहेत. त्यांच्याही गावात तुमच्यासारखं कुणीतरी निवृत्त होऊन आलेलं असेल आणि त्या माणसाला अजून कुणी हाक मारली नसेल.

२०२३च्या मे महिन्यातली ती सकाळ मी विसरणार नाही. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता. मुख्य इमारतीतून लायब्ररीकडे जाणारी नेटवर्कची निळी केबल आम्ही कडुलिंबाच्या फांद्यांवरून ओढली होती आणि ती बरीच वर्षं तशीच लोंबत होती. रात्री जवळपास कुठंतरी वीज कडाडली. सकाळी बघतो तर दोन्ही टोकांचे, नेटवर्कच्या केबल जोडायचे डबे म्हणजे स्विच, ऑफिसमधला सर्व्हर आणि माझ्या टेबलावरचा संगणक, सगळं गेलेलं. साडेदहाला परीक्षा होती. प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडून थोडा वेळ आधी ऑनलाइन येते. ती पासवर्डनं उघडायची, छापायची आणि मग वर्गात न्यायची. कॉलेजात नेट नव्हतं, ऑफिसचा प्रिंटर चालत नव्हता आणि मुलं व्हरांड्यात उभी होती. तुमचा पुतण्या आमच्या संध्याकाळच्या बॅचला होता. त्यानं तुम्हाला फोन लावला. तुम्ही स्कूटरवरून आलात, खांद्याला खाकी पिशवी. लॅबमधला एक शाबूत संगणक जनरेटरवर घेतलात, स्वतःच्या मोबाइलचं नेट त्याला जोडलंत, आणि पावणेअकराला पेपर वाटून झाले.

तेवढं करून तुम्ही गेला असतात तरी आम्ही जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही पिशवीतून मीटर काढलात, ऑफिसच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन पिना घातल्यात आणि मला जवळ बोलावून आकडा दाखवलात. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, आणि अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत सोडणारी तार, यांच्यात ३८ व्होल्ट. "हा एक-दोनच्या आत हवा," तुम्ही म्हणालात. अर्थिंगचा खड्डा कुठं आहे हे कॉलेजात फक्त आमच्या शिपाईमामांना माहीत होतं. सायकल स्टँडमागे, गवताखाली. माती ओली राहावी म्हणून त्यात पाणी कधी ओतलं होतं ते त्यांनाही आठवेना.

तुमची ओळख इथं करून द्यायला हवी. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. त्यांतले तुम्ही एक. उभं आयुष्य खांबांवर, खड्ड्यांत आणि एक्स्चेंजमध्ये काढलेलं.

त्या वेळी आमच्याकडं एक कोटेशन येऊन पडलं होतं. चाळीस नवे संगणक आणि सहा स्मार्ट बोर्ड. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती येणार होती आणि समितीला दिसेल असं काहीतरी घ्यावं, असं सगळ्यांच्या मनात होतं. माझ्याही होतं. प्राचार्यांनी कोटेशन तुमच्यापुढं ठेवलं. तुम्ही ते वाचलंत, घडी करून परत दिलंत आणि विचारलंत, "मी दोन दिवस ऑफिसात नुसता बसू का?"

तुम्ही ऑफिसच्या खिडकीशी स्टूल टाकून बसलात आणि वहीत लिहीत राहिलात. कोणता विद्यार्थी आला, काय मागितलं, क्लार्कनं कुठली फाइल काढली, कुठलं नाव पुन्हा टाइप केलं. दोन दिवसांनी तुम्ही ती वही आम्हाला वाचून दाखवलीत. एकाच विद्यार्थ्याचं नाव आम्ही सात ठिकाणी सात वेळा लिहीत होतो: प्रवेश अर्ज, जनरल रजिस्टर, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, ओळखपत्र, लायब्ररी, बोनाफाईड. आणि सातांपैकी तीन ठिकाणी ते वेगळं होतं.

त्या वहीतली शेवटची नोंद मला आजही पाठ आहे. "५.३५. क्लार्कनं कपाट बंद केलं. नेट बंद." नेटचा मुख्य स्विच ऑफिसच्या कपाटात होता. ऑफिस सुटताना आग लागू नये म्हणून क्लार्क विजेचा मेन स्विच पाडून जायचे, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. पण आमच्या कम्युनिटी कॉलेजची बॅच भरते साडेपाचला.

हा प्रकार बाहेरच्या वाचकांना सांगते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली अशा कॉलेजची सुरुवात झाली. आपल्याकडं विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०१३-१४ मध्ये योजना आणली आणि चालू कॉलेजांमध्येच हे वर्ग निघाले. पोटापाण्याचं काम करता करता हाताला कौशल्य आणि वर डिप्लोमा, असा त्याचा हेतू. आमच्याकडं दिवसभर गॅरेजमध्ये, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात, कापडाच्या पेढीवर राबून मुलं येतात. लेकराला सासूकडं ठेवून येणाऱ्या दोन-तीन जणी दर वर्षी असतात. या मुलांनी कधी तक्रार केली नाही. संध्याकाळी कॉलेजात नेट नसतं, असंच ती धरून चालली होती. आम्ही पाचला घरी जाणारी माणसं, आम्हाला ते दिसलंच नव्हतं. काका, तुम्ही साडेपाचनंतरही त्या स्टुलावर बसून राहिलात, याचे आभार मला सगळ्यांत आधी मानायचे आहेत.

पुढचा आराखडा त्या नोंदीवरूनच निघाला. जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करून तिथं सर्व्हर, स्विच आणि यूपीएस न्यायचं. तिची वीज वेगळ्या लाइनवर. अर्थिंगचे दोन नवे खड्डे, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. ऑफिस, लॅब आणि लायब्ररी यांचं नेटवर्क आतल्या आत वेगळं, म्हणजे लॅबमधल्या पेनड्राइव्हचा व्हायरस फीच्या हिशेबापर्यंत पोचणार नाही. कोटेशनमधले चाळीस संगणक सहावर आले. दर वर्षी सहा बदलायचे, पाच वर्षांत तीस जुन्यांची पूर्ण फेरी, म्हणजे संस्थेला कुठल्याच वर्षी एकदम खर्च नको. काही जण नाराज झाले. खड्डा आणि पाइप समितीला काय दाखवणार, असं एकानं विचारलंही. तुम्ही त्यांना सायकल स्टँडमागे नेलंत आणि उघडा खड्डा दाखवलात.

कडुलिंबावरची केबल उतरली तो दिवस तर संध्याकाळच्या बॅचचा सणच होता. तांब्याच्या केबलला १०० मीटरची मर्यादा, आमचं अंतर त्याहून जास्त, आणि दोन इमारतींच्या मध्ये तांबं म्हणजे विजेला वाटच. तिथं फायबर, म्हणजे प्रकाशानं नेट वाहून नेणारा काचेचा धागा हवा, काचेतून वीज वाहत नाही, हे तुम्ही फळ्यावर चित्र काढून समजावलंत. इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणाऱ्या मुलांनी चर खणला आणि पाइप टाकला. ते त्यांचं प्रात्यक्षिक म्हणून धरलं गेलं. मग तुम्ही जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेलं, काचेचे धागे सांधणारं स्प्लायसिंग मशीन लायब्ररीच्या वाचन टेबलावर मांडलंत. सगळ्यांना ताकीद दिलीत, "चालू फायबरच्या टोकाला डोळा लावायचा नाही, तो उजेड दिसत नाही पण डोळा जातो." काचेचा धागा १२५ मायक्रॉनचा, म्हणजे जाड केसाएवढा, आणि त्यातला प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. तुम्ही पहिला सांधा केलात. दुसरा रिवायंडिंगच्या दुकानातल्या मुलीला करायला दिलात. तिचे हात थरथरत होते. तुम्ही तिच्या हाताला हात लावला नाहीत, फक्त म्हणालात, "श्वास सोड आणि मग झाकण लाव." मशीनच्या छोट्या पडद्यावर दोन धाग्यांची टोकं समोरासमोर आली, मध्ये ठिणगी पडली, आणि दोन्हींमधली रेघ दिसेनाशी झाली. टेबलाभोवती वीस-पंचवीस जण होतो, कुणी बोललं नाही.

आता नावांचं. हे काम सगळ्यांत किचकट होतं आणि त्याचं मोल बाहेर कुणाला कळणार नाही. आमच्या जुन्या नोंदी युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या एका फॉन्टमध्ये होत्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा खिचडा दिसायचा. तुमच्या भाच्यानं बदल करणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. बरीच नावं नीट उतरली, पण कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे अशी सगळी आडनावं मोडली. कुणाचं "कुर्हाडे" झालं, कुणाचं नुसतं "कुहाडे". तुम्ही सांगितलंत की युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःची जागा आहे, ती दक्षिणेकडच्या भाषांमधला एक वेगळा र लिहिण्यासाठी ठेवलेली, आणि त्याचा पाय मोडला की आपला ऱ्ह लिहिता येतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ऱ साठी शिफ्ट दाबून जे. आमच्या हेडक्लार्कनी ते कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं, अजून तिथं आहे.

मग संध्याकाळची मुलं जोडीजोडीनं बसली. एकानं जनरल रजिस्टरमधून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून ताडायचं. तीन महिने लागले. हे नुसतं शुद्धलेखनाचं काम नव्हतं, हे ऑफिसातल्या माणसाला विचारा. आधारवर एक नाव, आमच्याकडं दुसरं, की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका जुळत नाही, आणि फेऱ्या मारतो तो मजुरी बुडवून आलेला बाप. एका मुलीची शिष्यवृत्ती दोन वर्षं अडली होती, त्या एका अक्षरापायी. ती सुटली तेव्हा तिची आई ऑफिसात पेढे घेऊन आली आणि तुम्हाला शोधत होती. तुम्ही त्या दिवशी शेतावर होतात. तुमच्या वाटणीचे पेढे मी घरी पोचवले, पण ते कशाचे हे तेव्हा सांगायचं राहिलं. ते हे.

एक गोष्ट थोडक्यात. आधीचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतलं होतं, त्यांनी करार संपल्यावर आमच्याच विद्यार्थ्यांची माहिती परत द्यायला पैसे मागितले. आम्ही ते देणारही होतो. नव्या करारात तुम्ही एक कलम घालायला लावलंत. माहिती कॉलेजची, आणि दर महिन्याला ती कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या तक्त्यात आमच्या हाती मिळाली पाहिजे. त्यावर सही करायला तयार नसलेल्या दोघांना तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत.

लायब्ररीसाठी आपण कोहा हे सॉफ्टवेअर घेतलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर सन २००० चा आकडा पेलणार नव्हतं, म्हणून तिथल्या लोकांनी नवं करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते वापरात आणलं आणि मग जगाला मोफत खुलं केलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. ज्या दिवशी आमच्या कॅटलॉगमध्ये पहिल्यांदा मराठीत शोध घेतला आणि पुस्तक सापडलं, त्या दिवशी हा अर्थ मी तुम्हाला सांगितला. तुम्ही म्हणालात, "मग आपणही कुणाला तरी शिकवायला हवं." शेजारच्या तालुक्यातल्या दोन ग्रंथपाल बायकांना मी आता कोहा शिकवते आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, संपला. उरलेल्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चढत नव्हतं. तुम्ही ते आदल्या वर्षीच यादीत लिहून ठेवलं होतं. त्यामुळं दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी त्यांत एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि जास्तीची रॅम बसवली, विंडोजऐवजी मोफत मिळणारं उबंटू टाकलं, आणि लॅब वेळेवर सुरू झाली. धावपळ नाही, आरडाओरडा नाही. आमच्या कॉलेजात एखादी गोष्ट अशी शांतपणे होते, याची सवय अजून व्हायची आहे.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारची परीक्षाही चालू आहे. बॅकअप घेतला असं सांगायचं नाही, परत आणून दाखवायचं. कुणीही जुन्या रजिस्टरातलं एक नाव सांगतं आणि ते नाव बॅकअपच्या डिस्कवरून वीस मिनिटांत पडद्यावर आलं पाहिजे. एक डिस्क कॉलेजात, एक संस्थेच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात, एक प्रत क्लाउडवर. मागच्या महिन्यात २००९च्या बॅचमधलं एक नाव निघालं. सोळा मिनिटं.

शिपाईमामा उन्हाळ्यात दर शनिवारी अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन घागरी पाणी ओततात आणि तुमच्या वहीत तारीख घालून सही करतात. त्यांना सही करायला लावणारे तुम्ही पहिले, असं ते मला म्हणाले.

ती वही, पोर्ट नंबर, केबलचे रस्ते आणि खड्ड्यांच्या जागा लिहिलेली, सर्व्हर खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. पहिली साठ पानं तुमच्या अक्षरातली. एकसष्टावं पान रिवायंडिंगच्या दुकानातल्या त्या मुलीनं लिहिलंय. ती आता आमच्याकडं संध्याकाळी अर्धवेळ काम बघते. लायब्ररीच्या वरच्या मजल्याला तिनं गेल्या आठवड्यात नवी लाइन टाकली. फायबरच्या सहा धाग्यांतले दोन तुम्ही पुढच्यासाठी राखून ठेवले होते, त्यातला एक वापरला. सांधा तिनं एकटीनं केला आणि त्याची नोंद तुमच्यासारखीच केली आहे, वेळेसकट: ७.२०, संध्याकाळ, नेट चालू.

ते पान बघायला या. शाल आणणार नाही, चहा ठेवते.

तुमची,
ग्रंथपाल,
आणि सोबत ऑफिस, लॅब, शिपाईमामा व साडेपाचची बॅच