गाडी चुकली, म्हणजे नशीब नव्हे

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला युरोपीय चित्रपटांतील योगायोगांवरचा लेख आवडीने वाचला. या विषयाला मराठी वर्तमानपत्रात अर्धे पान मिळाले याचा आनंदच आहे. पण पोलिश दिग्दर्शक क्रिस्तोफ किस्लोव्स्की यांना लेखकाने 'नियतीवादी' ठरवून एका वाक्यात निकालात काढले, ते मनाला लागले. गेली कित्येक वर्षे मी त्यांचे चित्रपट पुन्हापुन्हा पाहतो आहे. त्यांत मला प्रारब्ध कुठेही दिसले नाही.

'ब्लाइंड चान्स'चेच घ्या. लेखात त्याचे वर्ष १९८७ दिले आहे. ते प्रदर्शनाचे वर्ष. चित्रपट १९८१ सालीच तयार होता. त्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि चित्रपट डब्यात पडून राहिला. सगळे विधिलिखितच असते, एवढेच तो सांगत असता तर कोणत्याही राजवटीला त्याची धास्ती वाटली नसती.

वडील गेल्यावर वैद्यकीय शिक्षण थांबवलेला विटेक वॉर्साची गाडी पकडायला धावतो. एका बाईला त्याचा धक्का लागतो, तिचे नाणे घरंगळत जाते, कुणीतरी ते उचलून बिअर घेतो. तिथून तीन आयुष्ये. गाडी मिळाली, तर डब्यात जुना कम्युनिस्ट भेटतो आणि विटेक पक्षात जातो. फलाटावरच्या रक्षकाशी झटापट झाली, तर अटक होते आणि तो भूमिगत छापखान्यात पोहोचतो. गाडी चुकली, तर बरोबर शिकणारी मुलगी भेटते, लग्न होते, तो डॉक्टर होतो आणि दोन्ही बाजूंपासून लांब राहतो.

पक्ष, विरोध आणि घर ही त्या काळच्या पोलंडमधली तीन खरी घरे होती, आणि माणूस कोणत्या घरात पडेल हे फलाटावरच्या दोन-तीन सेकंदांवर ठरावे, हीच त्या व्यवस्थेवरची सर्वांत कडक टीका आहे. पण तिन्ही आयुष्यांत विटेक तोच राहतो. पक्षात असूनही त्याला शरम कळते. भूमिगत असताना साथीदारांची माहिती द्या, पासपोर्ट घ्या, असे सांगितले जाते, तेव्हा तो पॅरिसच्या प्रवासावर पाणी सोडतो. शेवटच्या कथेत त्याचे विमान आकाशात फुटते. तो प्रसंग पाहताना आजही छातीत धस्स होते. लेखकाला तिथे कर्माचे फळ दिसले. कसले कर्म? पत्नीच्या वाढदिवसासाठी त्याने प्रवास पुढे ढकलला होता, एवढेच. मरण आंधळे आहे. त्याआधी तो कसा वागला, ते आंधळे नाही.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण लेखकाने सुरुवातीलाच वापरली आहे. 'ब्लू', 'व्हाइट' आणि 'रेड' या किस्लोव्स्कींच्या चित्रत्रयीतल्या 'थ्री कलर्स: रेड' (१९९४) मध्ये मात्र फांदी तुटल्यावर काय होते याला महत्त्व आहे. जिनिव्हात नायिका व्हॅलेंटिनच्या गाडीखाली एक कुत्री येते. हा झाला योगायोग. पण ती उतरते, कुत्रीला उचलते, पट्ट्यावरचा पत्ता शोधत जाते, म्हणून तिला तो निवृत्त न्यायाधीश भेटतो. गाडी तशीच पुढे नेली असती तर चित्रपटच घडला नसता. शेवटच्या फेरीबोट दुर्घटनेत वाचलेल्या सातांपैकी सहाजण या तीन चित्रपटांतलेच निघतात, हे जुळवून आणलेले आहे, हा लेखकाचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तरीही ते चेहरे एकेक करून पडद्यावर थांबतात तेव्हा माझे डोळे भरून येतात.

लेखात राहून गेलेला एक प्रसंग सांगून थांबतो. या तिन्ही चित्रपटांत वाकलेली एक म्हातारी व्यक्ती रिकामी बाटली कचरापेटीच्या उंच भोकात ढकलू पाहते. 'ब्लू'मधली ज्युली डोळे मिटून उन्हात बसली आहे, तिला म्हातारी दिसतच नाही. 'व्हाइट'मधला कॅरोल बघतो आणि हसतो. व्हॅलेंटिन जवळ जाते आणि बाटली आत ढकलते.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज