जन्मनोंदीतले आठवडे कोण तपासतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुदतपूर्व जन्मांचा हिशेब जन्मनोंदणीवरून मांडायचा असेल, तर त्या नोंदीतला एक रकाना कसा भरला जातो ते आधी पाहावे लागेल. जन्माच्या अर्जाचे दोन भाग असतात. कायदेशीर भागातले नाव, तारीख, पत्ता दाखल्यावर छापून येतो; एक वेलांटी चुकली तरी पालक दुरुस्तीसाठी खिडकीवर हजर होतात. सांख्यिकी भागातले बाळाचे वजन आणि गरोदरपणाचे आठवडे मात्र दाखल्यावर येत नाहीत. तिथली चूक पालकांच्या नजरेस पडतच नाही.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म मुदतपूर्व. केसपेपरवर नुसते ‘नऊ महिने पूर्ण’ असले की अर्ज भरणारा चार आठवड्यांचा महिना धरून ३६ लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात शेवटच्या पाळीपासून नऊ महिने सात दिवस, म्हणजे २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. पूर्ण दिवसांचे बाळ कागदावर मुदतपूर्व ठरले! उलट ३६ आठवडे ६ दिवसांचे बाळ ३७ मध्ये ढकलले जाते. मोजायचे असतात ते पूर्ण झालेले आठवडे, जवळचा आकडा नव्हे.

पाळीची तारीखही अनेकदा ‘पोळ्याच्या चार-आठ दिवस आधी’ अशीच सांगितली जाते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर चूक आठवडाभराच्या आत राहते. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच केली तर तीन आठवड्यांपर्यंत जाते. अर्जात मात्र दोन्ही आकडे सारखेच दिसतात. वजनावरून अंदाज बांधणेही धोक्याचे. अडीच किलोखालची बरीच बाळे पूर्ण दिवसांची, पण पोटात वाढ खुंटलेली असतात, तर मधुमेही आईचे ३५ आठवड्यांचे बाळ सहज तीन किलो भरते.

सर्वांत क्लेशदायक गळती अगदी लहान बाळांची. जन्मल्यावर श्वास घेतलेले बाळ काही मिनिटांत गेले, तरी आठवडे कितीही असोत, त्याचा जन्म आणि मृत्यू दोन्ही नोंदवायला हवेत. ते मृतजन्मात टाकले किंवा नोंदवलेच नाही, तर जी बाळे मोजण्यासाठी हा खटाटोप, तीच हिशेबातून जातात.

नागपूरचा आणखी एक प्रश्न. जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते. मेडिकल, मेयो, डागा या इथल्या सरकारी रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटहूनही जोखमीच्या गर्भवती येतात. आईच्या राहत्या गावाचा रकाना न पाहता काढलेले शहराचे प्रमाण फुगलेलेच येणार.

उपाय खर्चिक नाहीत. प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत आठवडे आणि दिवस दोन्ही लिहावेत, पाळीवरून की सोनोग्राफीवरून तेही नोंदवावे. हा आकडा डॉक्टर किंवा परिचारिकेनेच भरावा, लिपिकाने महिन्यांवरून काढू नये. २८ आठवडे आणि ३.२ किलो, किंवा ३९ आठवडे आणि ९०० ग्रॅम अशी जोडी आली की संगणकाने अर्ज अडवून खात्री करून घ्यावी. आणि महापालिकेने एखाद्या महिन्याच्या नोंदी प्रसूतिकक्षाच्या व नवजात अतिदक्षता कक्षाच्या नोंदवह्यांशी ताडून किती जुळल्या ते जाहीर करावे. तोवर जन्मनोंदणीवरून काढलेले मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण धोरणासाठी वापरू नये, ही आमची आग्रहाची विनंती.

— प्रसूती व नवजात विभागांत काम करणारे काही वाचक, नागपूर