‘सिस्टर, प्रश्न बरोबर आहे’

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘ते राहू द्या, पेशंट कसा आहे सांगा’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या डॉक्टर-सिस्टरांच्या फोनवरच्या ग्रुपमधल्या पुष्कळ जणींच्या मनात हेच आहे.

मी शिराळा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. भाताची लावण सुरू झाली की आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट येतातच. तीन वर्षांपूर्वी मी ग्रुपवर विचारलं होतं, ‘मोठ्या माणसाला एएसव्हीच्या सुरुवातीला दहा व्हायल, तर सहा वर्षांच्या मुलाला वजनाप्रमाणे किती?’ एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, व्हायल म्हणजे त्याची छोटी बाटली. बाकीची बहुतेक औषधं आम्ही मुलांना वजन बघूनच देतो, त्यामुळे मला तो प्रश्न पडला. एका डॉक्टरांचं उत्तर आलं, ‘पुस्तक उघडा. हे नर्सिंगला शिकवत नाहीत का?’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मी फोन पालथा ठेवला आणि ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन उगाच ट्रे लावत बसले.

थोड्या वेळाने तुमचा मेसेज आला. पहिलंच वाक्य, ‘सिस्टर, प्रश्न बरोबर आहे.’ मग साध्या मराठीत सगळं समजावलंत. साप समोर लहान मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही. एएसव्ही द्यायचं ते त्या विषावर उतारा म्हणून, पेशंटच्या वजनाकडे बघून नाही. म्हणून मुलालाही तेवढ्याच व्हायल. शेवटी लिहिलंत की रेसिडेन्सीत, म्हणजे हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर असताना, तुम्हीही एकदा मुलाला अर्धा डोस लिहिला होता आणि वॉर्डातल्या सिस्टरनी तुम्हाला थांबवलं होतं. मॅडम, तुमच्या अनुभवाच्या माणसाने हे दोनशे लोकांसमोर लिहावं, याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

त्या डॉक्टरांना तुम्ही ग्रुपवर काहीच बोलला नाहीत. वेगळा फोन केलात, हे नंतर त्यांनीच सांगितलं, माझी माफी मागताना. तेव्हा मला वाटलं होतं, चारचौघांत सुनवायला हवं होतं. थोडंसं आजही वाटतं. पण आज तेच डॉक्टर रात्री-अपरात्री आमच्या शंकांना सगळ्यात आधी उत्तर देतात, हेही खरं.

दुसरी गोष्ट रक्त गोठण्याच्या वीस मिनिटांच्या चाचणीची. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, ते बघायची ही चाचणी. आमच्याकडे ती रक्त घ्यायच्या प्लास्टिकच्या बल्बमध्ये, म्हणजे नळीत, व्हायची. काचेची कोरडी टेस्ट ट्यूब लागते आणि तीही साबणाने धुतलेली चालत नाही, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही आणि घोणस चावली नसताना चावली असं वाटतं. हे मी तुम्हाला एकटीला लिहिलं, तर तुम्ही म्हणालात, ‘मला नको, सगळ्यांना सांगा.’ मी लिहिलं. त्यावर तीन मेडिकल ऑफिसरनी प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरं तुम्ही मला देऊ दिलीत.

जतच्या सिस्टर कन्नडमिश्रित मराठीत लिहायच्या, लोक चेष्टा करायचे. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘कन्नड बोलणारी आजी वॉर्डात आली की आपण सगळे हिलाच शोधतो.’ चेष्टा तिथेच थांबली. गावोगावच्या आशाताईंना ग्रुपमध्ये घेताना तर केवढा विरोध झाला! ‘पेशंट सगळ्यात आधी कोण बघतं?’ हा तुमचा एक प्रश्न पुरला. टाइप करणं जड जातं त्यांनी आवाज पाठवावा, तोंड दिसेल असा पेशंटचा फोटो कुणी टाकू नये, आणि जीव अडकला असेल तर आधी १०८, मग ग्रुप, हेही तुम्हीच ठरवून दिलंत.

गेल्या श्रावणात पहाटे पाचला चांदोलीकडच्या एका वाडीतून तिथल्या आशाताईंचा आवाज ग्रुपवर आला. ‘गाडी बोलावलीया. पोरगी रातीला भुईवर झोपलेली. प्वाट दुखतंय म्हणती. पापण्या उघडंनात. चावल्याचं कायबी दिसत न्हाई.’ तुम्ही जाग्याच होता. ‘मण्यार समजा. तिला चालवू नका, कुशीवर ठेवा.’ मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही आणि दिसतही नाही, हे ताईंना ग्रुपमुळेच माहीत होतं. नाहीतर पोटदुखी म्हणून ओवा देऊन पोरीला परत झोपवलं असतं. ती आमच्या केंद्रात पोचली तेव्हा दहा व्हायल भरताना मला कुणाला विचारावं लागलं नाही. मिरजेच्या वाटेवर श्वास कमी पडू लागला, हाताने दाबायच्या अंबू बॅगने श्वास देत नेलं. चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. आता चौथीत आहे.

परवा नव्यानेच रुजू झालेल्या एका सिस्टरनी ग्रुपवर विचारलं, गरोदर बाईला एएसव्ही चालतं का? दोन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. मग मी उत्तर दिलं, की चालतं, द्यायलाच हवं, विषाचा धोका आई आणि बाळ दोघांनाही असतो. सुरुवात मात्र तुमच्याच वाक्याने केली.

आपली,
शिराळ्याची सिस्टर