गिअरबॉक्स खोलायच्या आधी ऑईलचा डबा वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या प्रश्नोत्तरात एकानं विचारलं होतं की माझी ऑटोमॅटिक गाडी साठ-सत्तरच्या स्पीडला मध्येच थरथरते, काय करू. उत्तर छापून आलं की गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल, आणि त्याच उत्तरात पुढे हेही की ऑटोमॅटिकचं ऑईल लाईफटाईम असतं, त्याला हात लावायची गरज नाही. हे वाचून गप्प बसवलं नाही म्हणून लिहितोय. नागपूरला माझं लहानसं गॅरेज आहे, मी काही इंजिनिअर नाही, पण ऑटोमॅटिक गाड्या रोज बघतो आणि लाखाच्या पुढचं एस्टिमेट हातात घेऊन आलेली माणसंही बघतो. "भाऊ, गिअरबॉक्स गेला म्हणतेत" हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय.

आधी गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे ते बघा. आपल्याकडे सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०१४ला सेलेरिओ आली तेव्हापासून जो स्वस्तातला एएमटी पसरला त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते, फक्त क्लच दाबायचं नि गिअर टाकायचं काम मशीन करतं. ती गाडी सिग्नलवरून उठताना थरथरली तर क्लच प्लेट बघायची, लाल ऑईल, म्हणजे ऑटोमॅटिकचं एटीएफ, विसरून जायचं, कारण त्या गिअरबॉक्सला ते लागतच नाही. क्रेटा-व्हेन्यूचा टर्बो पेट्रोलवाला सात गिअरचा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला, त्याचे क्लच कोरडे, ऑईलमध्ये न बुडलेले, तोही उठतानाच थरथरतो, विशेषतः ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवत नेला तर. बेल्ट आणि पुलीवर चालणाऱ्या सीव्हीटीचं तिसरंच प्रकरण. मी जे लिहितोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांबद्दल, म्हणजे क्रिस्टा, फॉर्च्युनर, डिझेल क्रेटा, नवीन ब्रेझा-एर्टिगा वगैरे.

या कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला जाते, त्यात थोडी वाया जाते, म्हणून गाडी एका स्पीडला आली की आतला लॉक-अप क्लच लागतो आणि दोन्ही बाजू जोडल्या जातात. नवीन गाड्यांत हा क्लच पूर्ण जोडत नाहीत, मुद्दाम जरासा घसरता ठेवतात, म्हणजे ॲव्हरेजही मिळतं आणि इंजिनचा कंपही आत येत नाही. आता हे जे सतत बारीक घसरणं आहे ते गुळगुळीत व्हावं म्हणून ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवून आणणारी रसायनं, घातलेले असतात. ते उष्णतेनं आणि वयानं संपत आले की क्लच सलग घसरायच्या ऐवजी पकडतो-सोडतो-पकडतो, आणि सीटखाली रम्बलरवरून गेल्यासारखं होतं, दोन-चार सेकंद, मग थांबतं. हाच शडर. (गंमत म्हणजे १९७०च्या आसपासपर्यंत अमेरिकेत या ऑईलमध्ये हेच काम करायला स्पर्म व्हेलच्या तेलाचा अंश असायचा. व्हेल वाचवायचे कायदे आले आणि केमिस्ट लोकांना सगळं नव्यानं शोधावं लागलं. म्हणजे ऑईलवाल्यांसाठी हा किती नाजूक मामला आहे बघा, आणि आपण म्हणतो लाल आहे ना, ओत.)

आता ओळखायचं कसं. शडर साधारण पन्नास ते ऐंशीच्या स्पीडला, आरपीएम बारा-पंधराशेच्या आसपास, पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका असताना, सपाट रस्त्यावर किंवा बारीक चढाला येतो. पाय दाबला की जातो, कारण गिअर खाली पडतो किंवा लॉक-अप सुटतो. इंजिन मिसिंग मारत असेल, प्लग नाहीतर कॉईल गेली असेल, तर उलटं, जेवढा लोड तेवढं जास्त, चिखलदऱ्याचा घाट चढताना रडेल. व्हील बॅलन्सिंगचा प्रॉब्लेम असेल तर तो स्पीडला बांधलेला असतो, पाय दाबा की सोडा त्याला फरक पडत नाही. ड्राईव्ह शाफ्टचा आतला जॉईंट गेला असेल तर जोर लावला की थरथर वाढते. आणि सिग्नलला डी मध्ये ब्रेक दाबून उभं असताना थरथरत असेल तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ते, बघा. समृद्धीवर तर अजून एक भानगड आहे, सिमेंटचा रस्ता, टायरचाच आवाज आणि कंप एवढा की शडर त्यात लपून जातो किंवा नसलेला वाटायला लागतो, म्हणून टेस्ट डांबरी रस्त्यावर घ्या.

टेस्ट सोपी आहे. रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, शेजारी जाणकार माणूस बसवून, गाडी एका स्पीडला धरायची आणि थरथर सुरू झाली की ब्रेकला पाय नुसता टेकवायचा, ब्रेक लाईटचा स्विच लागेल एवढाच. ब्रेकचा सिग्नल मिळाला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो, आरपीएम थोडे वर उडतात. त्याच क्षणी थरथर थांबली तर लॉक-अपकडे बोट, नाही थांबली तर प्लग-कॉईल-टायर आधी बघा. काही नवीन गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र आले की इंजिनच पॉवर कापतं, म्हणून पाय टेकवून लगेच काढायचा, दाबून ठेवायचा नाही. चांगला स्कॅनर असेल तर त्याहून बरं, लाईव्ह डेटात कन्व्हर्टर क्लचचा स्लिप, म्हणजे घसरणं, किती आरपीएम आहे ते दिसतं, थरथरताना तो आकडा वरखाली नाचतो, आणि मिसफायर काउंटर शून्यावर असतो. कोड आलाच पाहिजे असं नाही. पी ०७४१ वगैरे लॉक-अपच्या बिघाडाचे कोड बराच उशिरा येतात, तोवर माणूस महिनोन्महिने थरथरत फिरतो, आणि स्कॅनर लावून "कोड नाही, सब ठीक" म्हणणारे भेटतात.

ऑईलचं म्हणाल तर सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बाजारात "सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी" असं लिहिलेले डबे मिळतात आणि ते स्वस्त असतात. पण टोयोटाचंच घ्या, जुन्या गाड्यांना टी-फोर लागायचं, क्रिस्टाला डब्ल्यूएस लागतं, डब्ल्यूएस बरंच पातळ आहे आणि कंपनीच सांगते की एकाच्या जागी दुसरं चालत नाही. दोन्ही लालच. क्रेटा डिझेलच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-फोर, आणि त्याच क्रेटाच्या कोरड्या डीसीटीला मॅन्युअलसारखं जीएल-फोर गिअर ऑईल, म्हणजे गाडीचं नाव सांगून ऑईल घेता येत नाही, गिअरबॉक्स सांगावा लागतो. होंडा सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-टू, त्यात साधं एटीएफ ओतलं तर बेल्ट घसरून पुली खराब. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन सिक्स जुन्या डेक्सरॉन थ्रीच्या जागी चालतं, उलट चालत नाही. ओनर मॅन्युअल उघडलं की मागच्या पानांत नाव छापलेलं असतं, पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या ब्रँडचं घ्यायला माझी ना नाही, चांगले ब्रँड आहेत, पण डब्यावर तुमचा स्पेक, म्हणजे कंपनीनं सांगितलेला ऑईलचा प्रकार, नावानिशी पाहिजे.

आणि योग्य नावाचं ऑईलही कधी दगा देतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आठ गिअरच्या बॉक्सला, २०१५ ते २०१९च्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांत, हाच शडर एवढा आला की प्रकरण कोर्टात गेलं. कंपनीनं शेवटी सर्व्हिस बुलेटिन काढून वेगळं ऑईल ठरवलं, कारण आधीचं ऑईल हवेतला दमटपणा ओढून घ्यायचं. गिअरबॉक्स श्वास घेतो, त्याला ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, असतो, हे लोक विसरतात.

पाण्यावरून आठवलं. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन अर्ध्या नागपुरात पाणी घुसलं, गाड्या बुडाल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला येते. ब्रीदरमधून पाणी गेलं की आतल्या क्लचचं अस्तर, जे कागदाच्या जातीचं असतं, पाणी पितं आणि त्याचा गोंद सुटतो. ऑईल गुलाबी-दुधट दिसलं तर शडरवर उपाय शोधू नका, ती गाडीच घेऊ नका. रेडिएटरमधला ऑईल कूलर फुटून कूलंट मिसळलं तरी हाच रंग येतो.

लाईफटाईमबद्दल. जर्मनीची झेडएफ कंपनी, जिचे गिअरबॉक्स मोठमोठ्या गाड्यांत बसतात, ती स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा ऑईल बदला म्हणते. आमच्याकडच्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये मी साठ हजारालाच सांगतो, हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. बदलताना एकदा ड्रेन केलं की साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच बाहेर येतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून शडर असेल तर थोडं चालवून परत ड्रेन-फिल करावं लागतं. एकदा बदलून फरक पडला नाही म्हणून लगेच कन्व्हर्टर उतरवू नका. मशीननं प्रेशर देऊन फ्लश करण्यावर मेकॅनिक लोकांत भांडणं आहेत, काळं जळकं ऑईल असलेल्या जास्त चाललेल्या गाडीला मी तरी करत नाही. ट्यूबमधलं ॲडिटिव्ह टाकून थरथर थांबली तर एवढंच कळतं की भानगड ऑईलच्या घर्षणाची होती, पुढे ऑईल बदला. आणि सगळं करून थरथर राहिलीच तर लॉक-अप क्लचचं अस्तर घासून चकाकून गेलंय, मग कन्व्हर्टरला पर्याय नाही, तेव्हा खर्च करा.

लेव्हलची गोष्ट आमच्या विदर्भाचीच आहे. आता बऱ्याच गाड्यांत ऑईल मोजायची डिपस्टिक नसते, खालचा प्लग उघडून ऑईल साधारण पस्तीस ते पंचेचाळीस डिग्रीला असताना जे थेंब थेंब गळतं त्यावर लेव्हल धरतात. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पंचेचाळीस असतं! दुपारी उभ्या गाडीचं ऑईल स्टार्ट करायच्या आधीच त्या मर्यादेला टेकलेलं, इंजिन चालू करून सगळे गिअर फिरवेपर्यंत पार वर जातं. ऑईल फुगलेलं असताना लेव्हल धरली की थंड झाल्यावर कमी भरतं, आणि कमी ऑईलनं गिअरबॉक्स घसरतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला, रात्रभर उभी असलेल्या गाडीवर, स्कॅनरवर टेंपरेचर बघत करायचं. दुपारी दोनला "आत्ता करून देतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन गाडीचं टचस्क्रीन किती इंची ते छापता, त्याच चौकटीत गिअरबॉक्सचा प्रकार आणि त्याला लागणाऱ्या ऑईलचं नाव, एवढी एक ओळ वाढवा. आणि वाचकांनी बिलावर नुसतं "गिअर ऑईल" लिहून घेऊ नये, ब्रँड, स्पेक, किती लिटर काढलं, किती भरलं आणि किती किलोमीटरला, हे सगळं लिहून मागावं, सही-शिक्क्यासकट. पुढच्या मेकॅनिकला आत काय आहे ते कळायचा दुसरा रस्ता नाही.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, नागपूर