इअरप्लगचा सल्ला अर्धाच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रोजच्या गोंगाटावर उपाय म्हणून फोमचे इअरप्लग सुचवले आहेत. सल्ला योग्यच, पण अर्धा. हे बोळे कानात घालायचे कसे याबद्दल त्यात एक ओळही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

बहुतेक जण पाकिटातून बोळा काढतात, तसाच कानाच्या तोंडाशी दाबतात आणि मोकळे होतात. अर्धा बोळा बाहेरच राहतो, थोड्या वेळाने सरकतो, आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणून डबी ड्रॉवरच्या तळाशी जाते. हा फोम दाबल्यावर सावकाश फुगतो. तो फुगायच्या आत नळीत शिरला, तरच सगळीकडून फट बुजते. म्हणून हात धुऊन, कोरडे करून बोळा चिमटीत फिरवत फिरवत, सुरकुती न पडू देता, वातीसारखा बारीक वळायचा. मग दुसऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. कानाची नळी थोडी वाकडी असते, ती त्यामुळे सरळ होते. बोळा आत सरकवला की बोटाने 20 ते 30 सेकंद धरून ठेवायचा. लोक नेमका इथेच धीर सोडतात. नीट बसला की नाही हे पाहायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबावेत. आवाज आणखी बराच कमी झाला, तर फट राहिली आहे असे समजावे आणि काढून पुन्हा घालावा.

बोळे आवाज किती कमी करतात याचा पाकिटावरचा 33 डेसिबलचा आकडा लेखात जसाच्या तसा दिला आहे. तो प्रयोगशाळेतला, बोळे काटेकोरपणे बसवून काढलेला असतो. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य पाहणाऱ्या अमेरिकेच्या ‘निऑश’ या सरकारी संस्थेने 1998च्या शिफारशींत फोमच्या बोळ्यांचा आकडा सरळ निम्मा धरायला सांगितले होते. त्यामुळे 29चे घ्यावेत की 33चे, यावर डोके शिणवण्यात अर्थ नाही. आपल्या कानाला बेताचा होईल तो आकार शोधावा. नळी अरुंद असेल तर लहान बोळे मिळतात.

बोळे घातल्यावर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, घास चावला तरी कानात कडकड होते. हाडांतून येणारा आवाज बंद नळीत कोंडल्यामुळे असे होते. गंमत म्हणजे बोळा थोडा आणखी आत गेला की हे घुमणे कमी होते, पण लोक नेमके उलटे करतात, घाबरून तो बाहेर ओढतात.

‘दिवसभर वापरा’ हे वाक्य मात्र मला पटले नाही. आठ तास सरासरी 85 डेसिबलच्या वर आवाज असेल, तर कान वाचवायला बोळे हवेतच. शेजारच्यांच्या गप्पा किंवा घोरणे हा प्रकार वेगळा, तिथे झोपेपुरते किंवा कामापुरते घालावेत. शांत खोलीतही सतत कान बंद ठेवले, तर साधे आवाजही टोचायला लागू शकतात. रस्त्यावर चालताना, गाडी चालवताना ते नकोतच. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मळका झालेला किंवा दाबल्यावर पुन्हा न फुगणारा बोळा टाकून द्यावा. आणि काढताना झटका न देता हलके पिळत काढावा, नाहीतर घट्ट बसलेल्या बोळ्याने पडद्यावर ताण येतो.

केसांच्या निगेला आपण अर्धे पान देता. पुढच्या वेळी त्याच्या एका कोपऱ्यात बोळा घालण्याचे चित्र छापता आले तर पाहावे. हात डोक्यावरून नेण्याचा भाग कितीही लिहून सांगितला तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

आपला,
एक वाचक