सातवी लेव्हल आणि भाकरीचा तुकडा

मा. संपादक,
स. न.

माझा नातू साताऱ्यात पाचवीत शिकतो. त्याच्या शाळेत गणिताचा तास सध्या टॅबवर होतो. ज्याने त्याने आपापल्या गतीने उदाहरणं सोडवायची, बरोबर आली की पुढची लेव्हल. अपूर्णांकांत तो सातव्या लेव्हलला पोहोचला म्हणून घरात कौतुक चाललं होतं. परवा शेजारची मुलगी वही घेऊन आली आणि तिने विचारलं, ‘‘तीनापेक्षा चार मोठे ना, मग एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश लहान कसा?’’ स्वारी गप्प. ‘‘तसंच असतं,’’ एवढंच उत्तर. शेवटी दोघांनी स्वयंपाकघरातून भाकरी आणली, मोडली, भांडले. अर्ध्या तासाने नातूच ओरडला, ‘‘अरे, वाटेकरी वाढले की वाटा घटतो!’’

टॅबला माझा विरोध नाही. मागे पडलेल्या मुलाला त्यावर दहा वेळा चुकता येतं आणि कुणी हसत नाही. फळ्यापुढे उभं राहून चुकल्याची लाज काहींना जन्मभर पुरते, हे मी शिक्षक म्हणून पाहिलं आहे. कोरेगाव तालुक्यात द्विशिक्षकी शाळेत मी बरीच वर्षं काढली. चार वर्ग, दोन गुरुजी. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला स्वाध्याय द्यावाच लागे, आणि चौथीतलं पोर पहिलीतल्याला पाढे म्हणून दाखवी. तपासणीच्या शेऱ्यात याला ‘गोंगाट’ म्हणत, ते असो.

आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) शाळा पाहायला पुढे राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. तिथे खडे, काड्या, मण्यांच्या माळा मुलांच्या हातात असत, आणि फरशीवर बसून त्यांचं आपसांत बोलणंही चालू असे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, तेव्हा ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून आपलं ज्ञान घडवतं हा विचार, हा शब्द आम्हा सगळ्यांच्या तोंडी बसला. आता टॅब आले, तर मुलांचं हे बोलणं बंद का व्हावं?

गटकार्याच्या नावाखाली जे चालतं, तेही काही खरं नाही. पाचांचा गट, तक्ता रंगवणार एकच मुलगी, बाकीच्यांची नावं खाली. नाहीतर आई रात्री बारापर्यंत थर्माकोल कापत बसणार.

माझी सूचना साधी आहे. तासाची शेवटची दहा-पंधरा मिनिटं टॅब पालथे ठेवावेत. मुलांनी जोडीने बसावं. एकाने उत्तर न सांगता रीत सांगावी, दुसऱ्याने ‘का?’ विचारत राहावं. जोड्या दर पंधरवड्याला बदलाव्यात, नाहीतर हुशार पोर कायमचा गुरुजी होतो आणि दुसरं कायमचं ढ. बाईंनी तेवढा वेळ नुसतं फिरून ऐकावं. कुणाला काय कळलेलं नाही, ते गुणांपेक्षा आधी कानावर येतं.

पालकसभेत मी हे मांडलं. एक पालक म्हणाले, ‘‘स्कॉलरशिपचं वर्ष आहे, माझ्या मुलाने दुसऱ्याला शिकवण्यात वेळ का घालवावा?’’ मी त्यांना भाकरीची गोष्ट सांगितली. त्या दिवशी शिकवायला कोण बसलं होतं आणि शिकलं कोण, यावर ते जरा थांबले. शाळेची अडचण वेगळीच निघाली. मूल रोज किती मिनिटं टॅबवर होतं, याचा अहवाल वर पाठवावा लागतो. मिनिटं कमी भरली तर विचारणा होते. पुढच्या सभेत ही अट शिथिल करण्याची मागणी मी करणार आहे. ज्यांच्या मुलांच्या शाळेत असाच अहवाल जातो, त्यांनीही तो एकदा मागून पाहावा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, सातारा